इस्त्रीने लावलेला पॅच धुण्यात निघू नये म्हणून

मुलीच्या डेनिम जॅकेटच्या पाठीवर मी लावलेलं रॉकेट तिसऱ्या धुण्यात सुटलं. आधी शेपटाकडची कड उचलली गेली, मग दोरीवर वाळताना निम्मं रॉकेट लोंबायला लागलं आणि संध्याकाळी ते अख्खंच माझ्या हातात आलं. टाकून देण्याआधी ते उलटं करून खिडकीच्या उजेडात धरलं. मागचा गोंद जसाच्या तसा होता, काचेसारखा गुळगुळीत, आणि त्यावर जॅकेटचा एक निळा तंतूसुद्धा नव्हता. गोंद वितळला होता खरा, पण कापडात उतरलाच नव्हता. नुसता वरवर टेकून राहिला होता.

त्यानंतर मी पुष्कळ पॅच लावले, काही काढले, काही पुन्हा लावले. आता कुठलाही पॅच निघाला की मी आधी त्याची पाठ बघते, कारण कुठे चुकलं ते तिथे दिसतं. पाकिटावर बहुधा तीन ओळी असतात: इस्त्री गरम करा, पॅच ठेवा, दाबा. या तीन ओळींच्या मधे जे राहून जातं ते इथे लिहिते आहे.

गोंद नेमकं काय करतो

पॅचच्या मागचा तो पातळ, दुधी किंवा चकचकीत थर म्हणजे उष्णतेने वितळणारा गोंद. तो बहुतेक वेळा पॉलिअमाइड, पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचा असतो. कागदाला लावायच्या पांढऱ्या गोंदासारखा तो हवेने वाळत नाही. मेणासारखा तापला की पातळ होतो, निवला की घट्ट होतो. पुन्हा तापवला तर पुन्हा पातळ होतो, हेही लक्षात ठेवा. पुढे धुण्याच्या आणि पॅच काढण्याच्या वेळी याच गोष्टीशी गाठ पडते.

कापड धरून ठेवायचं तर या गोंदाने पातळ होऊन धाग्यांमधल्या फटींत शिरलं पाहिजे आणि तिथेच गोठलं पाहिजे. शिरायला उष्णता, दाब आणि वेळ हे तिन्ही लागतं. गोठायला मात्र पॅच हलवायचा नसतो. इस्त्री नुसती कडक तापवून दाब दिला नाही तर गोंद पातळ होतो, पण आत ढकलला जात नाही. माझ्या रॉकेटचं तेच झालं होतं. दाब भरपूर आणि इस्त्री कोमट असेल, तर गोंद पातळच होत नाही. आणि सगळं नीट करून घाईने उचलून पाहिलं, तर अजून मऊ असलेला गोंद ताणला जातो, त्याच्या बारीक तारा सुटतात आणि धरलेली पकड तिथेच मोडते.

कापड आधी बघा

कपड्याच्या आतल्या शिवणीतलं लेबल शोधा. त्यावर इस्त्रीचं चित्र असतं आणि त्यात ठिपके. एक ठिपका म्हणजे इस्त्रीच्या तळाचं तापमान जास्तीत जास्त साधारण ११० अंश सेल्सिअस, दोन म्हणजे साधारण १५० आणि तीन म्हणजे साधारण २००. इस्त्रीच्या चित्रावर फुली असेल तर त्या कपड्याला इस्त्रीने पॅच लावायचा विचार सोडा, हाताने शिवा. पॅचचा गोंद नीट पातळ व्हायला बहुधा १५० अंशांच्या आसपास किंवा त्याहून थोडी जास्त उष्णता लागते. म्हणजे दोन किंवा तीन ठिपक्यांची कापडं सोयीची आणि एका ठिपक्याची धोक्याची.

सुती कापड, डेनिम, कॅनव्हास, जाड ड्रिल, सुती-पॉलिएस्टर मिश्रण ही या कामाला सगळ्यात चांगली. पॉलिएस्टर चालतं, पण मधे कापड ठेवून आणि उलट्या बाजूने, नाहीतर सुलट बाजूवर इस्त्रीच्या आकाराची चमक उठते आणि ती जात नाही. लोकर चालू शकते. दाब मात्र बेताने, नाहीतर लव कायमची बसते.

रेशीम, शिफॉन, नेट, नायलॉनचं विंडचीटर, रेनकोट, चामडं, फर, मखमल यांना मी इस्त्रीचा पॅच लावत नाही. नायलॉन आणि ॲक्रिलिक उष्णतेने आक्रसतात किंवा चमकतात. मखमलीची लव दबली की पुन्हा उभी राहत नाही. पाणी झटकून टाकणाऱ्या जॅकेटची अडचण वेगळी आहे. ज्या लेपामुळे पाणी आत शिरत नाही, त्याच लेपामुळे वितळलेला गोंदही आत शिरत नाही. असा पॅच पहिल्या दिवशी छान बसल्यासारखा वाटतो आणि दहा दिवसांत नखाने निघतो.

ताणल्या जाणाऱ्या टी-शर्टच्या कापडाबद्दल थोडं जपून. पॅच ताणला जात नाही आणि टी-शर्ट जातो, म्हणून अंगात घालताना-काढताना प्रत्येक वेळी कडेवर ओढ बसते. छातीवर लहान पॅच चालतो. पोटावर पसरलेला मोठा पॅच लावलात तर भोवती चुण्या येतात आणि कडा लवकर सुटतात.

पॅचसुद्धा तपासा

प्रत्येक भरतकामाचा पॅच इस्त्रीचा नसतो. तो उलटा करा. मागे सफेद-दुधी किंवा चकचकीत थर असेल, नख घासलं तर प्लॅस्टिकसारखं लागत असेल, तर तो इस्त्रीचा. मागे भरतकामाचे दोरे आणि गाठी नुसत्याच दिसत असतील तर तो शिवायचा. मागे सोलायचा कागद असेल तर आधी पाकीट वाचा. काही पॅच नुसते दाबून चिकटवायचे असतात आणि ते धुण्यात टिकत नाहीत.

रबरी, चामड्याचे, टिकल्यांचे किंवा वर चमकता वर्ख असलेले पॅच कधीही वरून तापवू नयेत. टॉवेलसारखी उभी लव असलेली अक्षरंही नाहीत. त्यांना उष्णता फक्त कपड्याच्या आतल्या बाजूने द्यायची.

आणखी एक गोष्ट बघण्यासारखी असते. गोल किंवा चौकोनी पॅचच्या कडेला दोऱ्याचा जाड, गोफासारखा काठ असतो. अशा कित्येक पॅचमध्ये गोंदाचा थर त्या काठापर्यंत पोचलेलाच नसतो. म्हणजे पॅचचं पोट चिकटतं आणि काठ कशालाच धरून नसतो. शिवाय काठ उंच असल्याने इस्त्री त्याच्यावर टेकते आणि मधल्या भागाला दाब कमी मिळतो. असा पॅच हातात आला तर मागून तापवणं आणि कडेने शिवणं, दोन्ही ठरवूनच सुरुवात करा.

एक धुणं आधी

नवा कपडा पॅच लावण्याआधी एकदा धुवाच. नव्या कापडाला कडकपणा यावा म्हणून खळ किंवा तत्सम काही लावलेलं असतं. गोंद त्या थराला चिकटतो आणि पहिल्या धुण्यात तो थर निघून गेला की पॅचही निघतो. दुसरं कारण आटण्याचं. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, पॅचचं पॉलिएस्टर आटत नाही, आणि मग पॅचभोवती कापड गोळा होऊन कायमच्या चुण्या पडतात.

या धुण्यात कपडे मऊ करणारं कंडिशनर घालू नका. त्याचा मऊपणा येतो तोच मुळी धाग्यांवर बसलेल्या पातळ निसरड्या थरामुळे, आणि त्यावर गोंद धरत नाही. जुना कपडा असेल आणि त्याला वर्षानुवर्षं कंडिशनर लागलेलं असेल तर नुसत्या साबणाने दोनदा धुवा.

जागा ठरवताना

कपडा टेबलावर पसरून पॅच सुंदर दिसतो आणि अंगात घातल्यावर तो काखेकडे सरकलेला असतो. हे टाळायचं तर कपडा ज्याचा आहे त्याला घालायला लावा, आरशासमोर उभं करा आणि पॅच टाचणीने लावून बघा. गुडघ्याचा पॅच पाय वाकवून बघायचा, कारण पाय सरळ असताना जिथे गुडघा वाटतो त्याच्या थोडं खालीवर खरा ताण येतो. कोपराचंही तसंच. बघून झालं की फोटो काढून ठेवा; नंतर इस्त्रीच्या घाईत तो उपयोगी पडतो.

खुणा खडूने करायच्या तर पॅचच्या बाहेर, चार कोपऱ्यांशी, अगदी फिकट. आत खडू नको, त्याची भुकटी गोंद आणि कापड यांच्या मधे बसते. रंगीत खडूची खूण इस्त्रीने पक्की होऊ शकते, म्हणून मी साध्या दोऱ्याचा एकेक सैल टाका घालून खूण करते. काम झालं की दोरा ओढून टाकायचा.

शिवणी, चेन, बटणं, खिशाचे जाड काठ यांच्यापासून शक्यतो दूर राहा. शिवणीच्या उंचवट्यावर इस्त्री अधांतरी राहते आणि दोन्ही बाजूंना बोटभर जागेत दाबच पोचत नाही. शिवणीवरच लावायचा असेल तर खाली जाडसर घडी घाला म्हणजे शिवण त्यात रुतेल, आणि इस्त्री आतून करा.

मांडणी

इस्त्रीचं फोल्डिंग टेबल या कामाला तितकंसं चांगलं नाही, याचं अनेकांना नवल वाटतं. त्याच्या गादीत दाब मुरतो आणि खालच्या जाळीतून उष्णता निघून जाते. साधं लाकडी टेबल किंवा जाड फळी घ्या, तिच्यावर सुती चादरीची एक सपाट घडी घाला. टेबल कमरेच्या थोडं खाली असेल तर अंगाचा भार हातावर टाकता येतो. उंच ओट्यावर नुसत्या मनगटाचा जोर लागतो आणि तो पुरत नाही.

इस्त्रीतलं पाणी काढून टाका, वाफेचं बटण बंद करा. वाफेमुळे ओल येते, आणि ओल उडून जाईपर्यंत उष्णता तिच्यावरच खर्च होते, गोंदाला मिळत नाही. वाफेच्या इस्त्रीच्या तळाला जी भोकं असतात तिथे पॅचला स्पर्शच होत नाही. म्हणून एकाच जागी इस्त्री ठेवली तर त्या भोकांखालचा गोंद कच्चा राहतो. उपाय सोपा आहे: दुसऱ्यांदा ठेवताना इस्त्री थोडी फिरवून ठेवायची.

मधे ठेवायला पातळ सुती कापड हवं. जुना रुमाल किंवा मऊ झालेल्या ओढणीचा सुती तुकडा उत्तम. रंगीत कापड नको, त्याचा रंग उतरू शकतो. कागद वापरायचा असेल तर भट्टीत चालणारा बेकिंगचा कागदच घ्या, ज्यावर सिलिकॉनचा लेप असतो. बटर पेपर म्हणून जे मिळतं त्यात काही कागद मेणाचे असतात. ते मेण गरम इस्त्रीखाली वितळून कपड्यात उतरतं.

इस्त्री तापल्याचा दिवा विझला की लगेच सुरू करू नका. दिवा दोन-तीनदा लागून विझू द्या, मग तळ सगळीकडे सारखा तापतो.

आता इस्त्री

पहिल्यांदा पॅचशिवाय, रिकाम्या जागेवर दहा-पंधरा सेकंद इस्त्री करा. चुण्या जातात हे उघड आहे, पण खरं काम ओल घालवण्याचं. सुती कापड हाताला कोरडं लागलं तरी त्यात हवेतला ओलावा असतोच, आणि पावसाळी हवेत जास्त. शिवाय कापड आधीच गरम असेल तर गोंद टेकताक्षणी निवत नाही.

कापड गरम आहे तोवर पॅच जागेवर ठेवा, गोंदाची बाजू खाली. फोटोशी ताडून बघा. वर सुती कापड पसरा. सरकण्याची भीती वाटत असेल तर उष्णता सोसणारी चिकटपट्टी दोन कोपऱ्यांना लावता येते. साधी पारदर्शक चिकटपट्टी नको, ती इस्त्रीखाली वितळून बसते.

मग इस्त्री सरळ वरून खाली ठेवा आणि दाबा. मागे-पुढे फिरवायची नाही. कपड्यांना रोज इस्त्री करणाऱ्या हाताला ही सवय मोडणं सगळ्यात जड जातं. हात आपोआप सरकायला लागतो. सरकवलेली इस्त्री पॅचला घेऊन सरकते, आणि गोंद पातळ असताना पॅच मिलिमीटरभर जरी हलला तरी काठाबाहेर गोंदाची चकचकीत रेघ येते. दोन्ही हात मुठीवर ठेवा, कोपर सरळ करा, भार टाका आणि आकडे मोजा. वीस ते तीस सेकंद. पाकिटावर वेगळा वेळ दिला असेल तर तो पाळा, कारण गोंद त्यांचा आहे.

पॅच इस्त्रीपेक्षा मोठा असेल तर मधून सुरुवात करा, इस्त्री उचला, शेजारी ठेवा, पुन्हा दाबा. दोन जागा थोड्या एकमेकींवर याव्यात. कडांना सर्वांत शेवटी पाच-सात सेकंद जास्त द्या, आणि त्यासाठी इस्त्रीचं टोक न वापरता मधला भाग कडेवर आणा. टोकाशी पुरेसा दाब येत नाही.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. पॅच दोन मिनिटं निवू द्या, कपडा हलक्या हाताने उलटा करा आणि आतल्या बाजूने तेवढाच वेळ इस्त्री करा. भरतकाम म्हणजे दोऱ्यांचा जाड थर. वरून दिलेली उष्णता त्यातून जाता जाता कमी होते आणि गोंदापर्यंत पोचते तेव्हा अर्धवट पोचते. आतून मधे फक्त एक पदर कापड असतं. जॅकेट, पिशवी, जाड भरतकाम असेल तिथे आतून दिलेले तीस सेकंद वरच्या मिनिटभरापेक्षा जास्त कामाचे. अस्तराच्या जॅकेटला आतून इस्त्री पोचत नाही. तिथे अस्तराची थोडी शिवण उसवून मधे हात घालावा, नाहीतर सरळ शिवावं.

निवताना हात लावू नका

इस्त्री उचलल्यावर गोंद अजून मऊ असतो. मी या वेळी पॅचवर एक जाड पुस्तक ठेवते, पॅच आणि पुस्तक यांच्यामधे तेच सुती कापड. पुस्तकाचा दाब पॅचला सपाट धरून ठेवतो आणि गोंद फटींत असतानाच गोठतो. किमान पाच मिनिटं. जाड पॅचला दहा. हाताला पॅच पूर्ण गार लागला पाहिजे, कोमटही नाही.

मग नखाने एक कोपरा उचलायचा प्रयत्न करा, अगदी हळू. कोपरा कापडासकट उचलला गेला तर झालं. पॅच वेगळा आणि कापड वेगळं उचललं गेलं तर थांबा, पुन्हा तेवढीच इस्त्री करा, आणि या वेळी आतून जास्त. इस्त्री जास्त कडक करण्यापेक्षा वेळ आणि दाब वाढवा. एकाच जागी तीनदा करूनही कोपरा धरत नसेल तर ते कापड किंवा तो गोंद या कामाचा नाही असं समजा आणि सुई-दोरा घ्या. पॅच काळपटेपर्यंत भाजत बसण्यात कपडा जातो.

पहिल्या धुण्याआधी एक दिवस जाऊ द्या.

कडेने टाके

मी आता प्रत्येक पॅचला टाके घालते. माझ्या मते इस्त्रीचा गोंद पॅचला जागेवर सपाट बसवतो आणि टाके त्याला वर्षानुवर्षं धरून ठेवतात. रोज धुवायच्या, मुलांच्या, कामाच्या कपड्यांत तर टाक्यांना पर्याय नाही. इस्त्री आधी केल्याचा फायदा असा, की शिवताना पॅच सरकत नाही आणि टाचण्या लागत नाहीत.

दोरा पॅचच्या काठाच्या रंगाचा घ्या, पॉलिएस्टरचा. काठाला लागूनच कपड्यातून सुई वर काढा, काठाच्या आत एक-दीड मिलिमीटरवर खाली घाला, पुढचा टाका तीन-चार मिलिमीटर पुढे. टाके तिरपे आणि बारीक आले की काठाच्या दोऱ्यांत मिसळून दिसेनासे होतात. सुरुवात कोपऱ्यापासून नको, सरळ बाजूच्या मधून करा. कोपऱ्यावर गाठ आली तर ती आधी झिजते. कोपऱ्यात एकाच जागी दोन टाके.

गोंदातून सुई काढताना जोर लागतो, बोटात अंगुस्तान घाला. थोड्या वेळाने सुईला गोंद चिकटून ती अडकायला लागते. स्पिरिटच्या बोळ्याने ती पुसली की पुन्हा सुरळीत चालते. मशीनवर शिवलं तरी हीच अडचण येते, आणि टाके सुटायला लागले की बहुतेकांना मशीन बिघडल्यासारखं वाटतं. आधी सुई पुसून बघा.

फाटलेल्या जागेला आतून ठिगळ

गुडघ्यावर फाटलेल्या पँटला वरून पॅच लावता येतो, पण मला आतून लावलेलं ठिगळ जास्त आवडतं. बाहेरून पँट आहे तशीच दिसते आणि फाटकी जागा वाढायची थांबते. यासाठी साध्या डेनिमचे किंवा सुती कापडाचे मागे गोंद असलेले तुकडे मिळतात.

भोकाच्या कडेचे लोंबते धागे कापा, पण पांढरे आडवे धागे शाबूत असतील तर ठेवा; ते ठिगळावर सपाट बसतात आणि जोर देतात. ठिगळ भोकापेक्षा चारी बाजूंनी किमान दोन-अडीच सेंटिमीटर मोठं हवं, कारण भोकाभोवतीचं कापडही विरलेलं असतं. उजेडासमोर धरून बघा, कुठपर्यंत विरलं आहे ते दिसतं. ठिगळाचे कोपरे कात्रीने गोल करा. टोकदार कोपरा पाय घालताना अंगठ्यात अडकतो आणि तिथूनच सुटायला सुरुवात होते.

पँट उलटी करा. पायाच्या आत, भोकाच्या खाली बेकिंगचा कागद सरकवा. हा कागद विसरलात तर भोकातून आलेला गोंद पँटची पुढची आणि मागची बाजू एकमेकींना चिकटवून टाकतो. भोकाच्या कडा बोटांनी जवळ आणा, ओढून मिटवायचा प्रयत्न मात्र नको, भोवती चुण्या येतात. ठिगळ ठेवा, दाबा, निवू द्या. सुलट बाजूने बघितलं तर भोकातून गोंदाची चमक दिसेल. त्या जागेवर तसल्याच रंगाच्या कापडाचा लहान तुकडा आधीच ठेवून घेतला तर चमक दिसत नाही. शेवटी सुलट बाजूने, भोकाच्या दोन्ही अंगांना ओलांडून जाणाऱ्या धावदोऱ्याच्या चार-सहा ओळी घाला.

आपल्याच कापडाचा पॅच

आवडीच्या जुन्या कापडाचा पॅच करायचा असेल, किंवा शिवायचा पॅच इस्त्रीने बसवायचा असेल, तर फ्युझिबल वेब नावाची गोंदाची जाळी घ्या. ती दोन्ही बाजूंनी चिकटते आणि तिच्या एका बाजूला कागद असतो. आकृती कागदावर काढा, पण आरशातल्यासारखी उलटी. अक्षरं असतील तर हे विसरलात की सगळं नाव उलटं येतं. भोवती थोडी जागा सोडून कापा, कापडाच्या मागे ठेवा, कागदाच्या बाजूने पाच-सात सेकंद इस्त्री करा. निवल्यावर रेघेवरून नीट कापा, कागद सोला, आणि पॅचसारखंच लावा. गोंद आधी लागल्यामुळे कापताना कापडाचे धागे सुटत नाहीत. तरी कडेने टाके हवेतच, कारण या कडेला काठाचा आधार नसतो.

निघालेला पॅच काय सांगतो

गोंद पॅचवर चकचकीत आणि त्यावर कापडाचा तंतू नाही: दाब किंवा उष्णता कमी पडली, किंवा कापडावर कसला तरी लेप होता. गोंद दोन्हीकडे अर्धा-अर्धा, तारा निघाल्यासारखा खरखरीत: गरम असतानाच उचलला. मधे घट्ट, कडा सुट्या: काठाखाली गोंद नव्हता. ठरावीक अंतरावर गोल गोल फुगे: वाफेची भोकं. पॅच नीट पण भोवती कापड गोळा झालेलं: कपडा आधी धुतला नव्हता.

नको असलेला पॅच काढायचाही याच ज्ञानाने. मधे कापड ठेवून इस्त्री दहा-पंधरा सेकंद ठेवा, चिमट्याने कोपरा धरा, गरम असतानाच हळूहळू सोला, अडलं की पुन्हा तापवा. बोटांनी धरू नका, वितळलेला गोंद कातडीला चिकटला की भाजत राहतो. कपड्यावर राहिलेल्या गोंदावर छपाई नसलेला खाकी कागद ठेवून इस्त्री केली की बराच गोंद कागदात येतो. प्रत्येक वेळी कागदाचा नवा भाग घ्या. उरलेला स्पिरिटने, आतल्या शिवणीवर रंग जातो का ते आधी बघून. नेलपॉलिश रिमूव्हर ॲसिटेटच्या कापडाला लागला तर ते कापडच विरघळतं, तेव्हा लेबल वाचल्याशिवाय तो वापरू नका. पॅचखालचं कापड बाकीच्यापेक्षा गडद निघेल. ते उन्हात विटलेलं नसतं, म्हणून.

इस्त्रीच्या तळाला गोंद लागलाच, तर ती कोमट असताना जाड सुती कापडाच्या घडीवर घासा. सुरीने खरवडू नका.

धुताना कपडा उलटा करा, पाणी गार ठेवा, पिळताना पॅच मधे येऊ देऊ नका. कपडे वाळवायच्या यंत्राच्या गरम हवेत गोंद पुन्हा मऊ पडू शकतो, म्हणून दोरीवर सावलीत वाळवा. ड्रायक्लीनिंगच्या द्रावकांनीही काही गोंद सैल होतात. पुढे त्या कपड्याला इस्त्री करताना पॅचवरून फिरवू नका, बाजूने जा. कड उचललेली दिसली तर त्याच दिवशी दाबून घ्या, कारण उचललेल्या कडेखाली साबण आणि धूळ गेली की तिथे गोंद पुन्हा धरत नाही.

ते रॉकेट मी टाकलं नाही. मागचा जुना गोंद तापवून कागदावर उतरवला, फ्युझिबल वेबची जाळी लावली, अस्तर नसलेल्या त्या जॅकेटला या वेळी आतून तीस सेकंद दिले आणि राखाडी दोऱ्याने काठ शिवला. जॅकेट आता धाकट्याच्या अंगावर आहे. मनगटाशी कापड विरलं आहे, एक बटण बदललं आहे, आणि रॉकेटच्या शेपटाशी सुटलेले दोन टाके गेल्या आठवड्यात पुन्हा घातले.